मांजरेच्या खोऱ्यातील तरुणांपुढचे काम



मराठवाड्यात पाण्याविषयी बोलायचे म्हणजे दुष्काळाविषयी बोलायचे, असा संकेत गेल्या दोन पिढ्यांत रूढ झाला आहे. तो संकेत आता अपुरा पडू लागला आहे. मांजरा नदीच्या एकाच खोऱ्यातल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे हे ध्यानात येईल. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून आले होते. शहराला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पाणवठ्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. त्यानंतर नऊ वर्षांनी, १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री, मांजरेला मिळणाऱ्या लेंडी नदीच्या काठी, नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. हसनाळ, रावणगाव या गावांत पाणी शिरले, माणसांचे बळी गेले, जनावरे दावणीलाच बुडाली आणि अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले.

एका दशकाच्या आत एकाच खोऱ्यात आगगाडीने पाणी आणावे लागते आणि त्याच खोऱ्यात पाण्यातून माणसे काढण्यासाठी लष्कर बोलवावे लागते. या दोन घटना परस्परविरोधी नाहीत. एकाच बदलाची ती दोन टोके आहेत.

हा बदल कसा घडतो हे कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात मावणारी वाफ सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तापलेली हवा जमिनीतली ओल अधिक वेगाने ओढून घेते, ती अधिक काळ धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. म्हणून पावसाचे दिवस कमी होतात आणि पडणारा पाऊस अंगावर येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मराठवाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर पाऊस पडतो. वर्षअखेरीस ही सरासरी पुष्कळदा भरूनही निघते आणि कागदावर सारे ठीक दिसते. परंतु पीक सरासरीवर येत नाही. जूनमध्ये पेरणी झाल्यावर तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले तर दुबार पेरणी करावी लागते. आणि सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीनच्या शेंगा भरल्यावर चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडला तर उभ्या पिकाला कोंब फुटतात. दोन्ही वेळा सरासरी निर्दोषच असते.

गेल्या काही वर्षांचा क्रम पाहावा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने रब्बी आणि फळबागा झोडपल्या. त्याच वर्षी आणि पुढच्या २०१५ साली पावसाने ओढ दिली. २०१६ च्या उन्हाळ्यात आगगाडी आली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरले. सप्टेंबर २०२१ मध्ये गुलाब चक्रीवादळाच्या अवशेषांनी आणलेल्या पावसात मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची शेते मातीसकट वाहून गेली. २०२५ साली मुखेडनंतर महिनाभरातच साऱ्या मराठवाड्यावर अतिवृष्टी झाली. यातल्या प्रत्येक घटनेचे खापर हवामानबदलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. १९७२ चा दुष्काळ तर सर्वांच्या स्मरणात आहे आणि अवर्षण या भूमीला नवे नाही. नवी आहे ती दोन संकटांमधली उसंत संपत जाणे. एका हंगामाचे कर्ज फिटण्याच्या आत दुसरा हंगाम बुडतो, ही खरी आपत्ती आहे.

मात्र एवढ्यावर थांबले तर हवामानबदल हा निसर्गाचा कोप ठरतो आणि कोपापुढे हात जोडण्यापलीकडे काही उरत नाही. पाऊस सर्वांच्या शेतावर सारखा पडतो. त्याचा मार सर्वांवर सारखा बसत नाही. हसनाळचेच पाहावे. ढगाने पाणी ओतले हे खरे. परंतु ही गावे लेंडी धरणाच्या बुडीत क्षेत्रातली. हा आंतरराज्य प्रकल्प दशकानुदशके रखडला आणि त्याबरोबर पुनर्वसनाचा प्रश्नही रेंगाळला. पाण्याच्या वाटेत माणसे त्या रात्री का राहत होती, याचे उत्तर हवामानखात्याकडे मिळणार नाही. ते महसूल आणि पाटबंधारे खात्यांच्या दप्तरांत शोधावे लागेल.

मदतीच्या वाटपातही तेच दिसते. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने अतिवृष्टीग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. रक्कम मोठी आहे आणि ती मिळवण्यासाठी शेतकऱ्यांना आवाज उठवावा लागला, हेही खरे. परंतु पीकनुकसानीची मदत हेक्टरावर मोजली जाते आणि हेक्टर सातबाऱ्यावर मोजला जातो. ज्याच्या नावावर सातबारा नाही, पण जो बटाईने जमीन कसतो, बी-खताचा खर्च स्वतः करतो, त्याचे नुकसान मूळ मालकाच्या खात्यावर भरून निघते. जी बाई खुरपणीला आणि सोयाबीनच्या काढणीला जाऊन घर चालवते, तिचे बुडालेले रोजगाराचे दिवस कोणत्याच पंचनाम्याच्या रकान्यात बसत नाहीत. चिखलात सडलेले पीक तलाठ्याला दिसते. त्या पिकाबरोबर सडलेली मजुरी दिसत नाही. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून एक मोठी गोष्ट मिळवली होती. भूमिहीनांच्या मोर्चांनी आणि वि. स. पागे यांच्यासारख्यांच्या आग्रहाने रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिने वाट दाखवली. त्या दुष्काळाने मागे ठेवला तो एक हक्क होता. आजच्या अतिवृष्टीतून आणि उष्म्यातून कोणता हक्क निर्माण होणार, हा प्रश्न अजून कोणी नीट विचारलेलाही नाही.

आता पाण्याच्या वाटपाकडे वळावे. लातूरला पहिली आगगाडी आली तेव्हा शहराची लोकसंख्या, २०११ ची जनगणना धरली तरी, ३ लाख ८० हजारांच्या वर होती. म्हणजे त्या गाडीतून माणशी दीड लिटरही पाणी आले नाही. आता दुसरा हिशेब करावा. महाराष्ट्रात एक किलो साखर तयार होण्यासाठी उसाच्या लागवडीपासून सुमारे दोन हजार लिटर पाणी लागते असे मानले जाते. त्या हिशेबाने साऱ्या देशाने जिचे कौतुक केले त्या गाडीतले पाणी अडीच क्विंटल साखरेपुरते होते. पुढे पन्नास वाघिणींतून २५ लाख लिटर येऊ लागले. तेही साडेबारा क्विंटल साखरेचे पाणी. आणि त्याच हंगामात मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती. तहानलेल्या शहराच्या आसपास उभा असलेला ऊस हे त्या उन्हाळ्याचे खरे चित्र होते.

म्हणून ऊस लावणारा शेतकरी गुन्हेगार ठरत नाही. दोन-तीन एकरांचा धनी ऊस का लावतो, हे समजून न घेता त्याला शहाणपण शिकवणे हा शहरी उद्दामपणा होईल. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि घेणारा कारखाना आहे. तूर, हरभरा, ज्वारी, सोयाबीन यांना हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र उघडेपर्यंत गरजू शेतकऱ्याचा माल आडत दुकानात गेलेला असतो. गारपीट आणि पाऊस यांत सोयाबीन आडवे होते. ऊस पुष्कळदा तग धरतो. हवामान जितके बेभरवशाचे होते तितका शेतकरी भरवशाच्या पिकाकडे, म्हणजे अधिक पाणी पिणाऱ्या पिकाकडे वळतो आणि जमिनीतले पाणी तितकेच खाली जाते. या दुष्टचक्राची किल्ली एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. कमी पाण्याच्या पिकाला भावाची आणि खरेदीची हमी मिळाल्याखेरीज ते सुटणार नाही.

भूगर्भातल्या पाण्याचीही हीच कथा आहे. मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा कातळ आहे. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात. खाली फक्त भेगांतून थोडेफार सापडते आणि ते पुन्हा भरून यायला फार काळ जातो. महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विंधन विहिरींना शेतीसाठी आणि उद्योगासाठी मनाई केली आहे. हा कायदा २०१४ पासून लागू आहे. आणि लातूरच्या शिवारात सात-आठशे फुटांच्या बोअरची गोष्ट कोणीही सहज सांगतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो खोल जातो, त्याच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते, आणि शेजारी कर्ज काढून त्याच्याही खाली जातो. पाणी सार्वजनिक असते तोपर्यंत ते उथळ असते. ते जितके खोल जाते तितके खाजगी होत जाते.

या साखळीचे शेवटचे टोक सर्वांत कडू आहे. मुखेड, कंधार, जळकोट या डोंगराळ, हलक्या जमिनीच्या तालुक्यांतल्या तांड्यांवरून दर वर्षी दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात. गावात पाणी नाही म्हणून रोजगार नाही, आणि रोजगार मिळतो तो पाणी पिणाऱ्या पिकाच्या फडात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात आणि शाळा सुटते. हवामानबदलाविषयी तरुण पिढीने बोलावे असे म्हटले जाते, तेव्हा ही मुलेही त्याच पिढीत मोजली पाहिजेत.

लातूर आणि नांदेड ही दोन्ही विद्यार्थ्यांची शहरे आहेत. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने गावोगावची मुले लातूरला येतात, २०१६ च्या उन्हाळ्यात वसतिगृहांत पाणी नाही म्हणून त्यांतल्या कित्येकांना घरी परतावे लागले. नांदेडला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचा पसारा त्याच्याकडे आहे. एवढे तरुण मनुष्यबळ निष्क्रिय बसलेले नाही, ही आशेची बाब आहे. २०१६ मध्ये ‘जलयुक्त लातूर’ या नावाने नागरिकांनी वर्गणी काढून मांजरेच्या पात्रातला गाळ उपसला. त्याच वर्षापासून २०१९ पर्यंत वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने मराठवाड्यातल्या अनेक गावांत तरुण-तरुणींनी पहाटे उठून चर खोदले, बांध घातले. वनाच्छादन एक टक्क्याच्याही आत असलेल्या लातूर जिल्ह्यात ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’सारखे गट वर्षानुवर्षे झाडे लावतात आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उन्हाळ्यात ती जगवतात. या श्रमांची टवाळी करण्याचा अधिकार घाम न गाळणाऱ्याला नाही.

तरीही या कामाची मर्यादा मोकळेपणाने सांगितली पाहिजे. गाळ उपसून नदीत साठलेले पाणी कोणाच्या मोटारीने उपसले, हे खोदणाऱ्यांनी विचारले नाही. चर खोदून विहिरींची पातळी वाढली तेव्हा ते पाणी ज्याच्या शेतात विहीर त्याचे झाले. चर खोदणाऱ्या भूमिहीन तरुणाच्या वाट्याला प्रशस्तिपत्र आले. सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानाबाबतही २०२० मध्ये विधिमंडळासमोर आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले की, कोट्यवधी रुपये खर्चूनही पाहणी केलेल्या बहुसंख्य गावांची तहान भागली नव्हती. पाणी अडवणे हे अर्धे काम आहे. अडवलेले पाणी कोणत्या पिकाला आणि किती माणसांना मिळावे, हे ठरवणे हे उरलेले अर्धे काम, आणि तेच अवघड आहे.

राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्याची तीन साधने सांगितली होती: फावडे, मत आणि तुरुंग. मांजरेच्या खोऱ्यातल्या तरुणांनी फावडे हाती घेतले आहे. मताचे आणि सत्याग्रहाचे साधन मात्र त्यांनी अजून या कामासाठी उचललेले नाही. आणि फावड्याचेच कौतुक अधिक व्हावे यात सत्ताधाऱ्यांची सोय आहे. वृक्षारोपणाला मंत्री आनंदाने येतात. पाणीवाटपाचा हिशेब मागायला कोणी बसले तर तेथे मंत्री येत नाहीत, पोलिस येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडनमधली पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग शाळा सोडून थेट संसदेसमोर जाऊन बसली, तेव्हा तिने प्रश्न सत्तेपुढे ठेवला होता. म्हणूनच तो जगभर ऐकू गेला.

मराठवाड्याच्या तरुणांना यासाठी परदेशाकडेही पाहण्याचे कारण नाही. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाची ठिणगी विद्यार्थ्यांनीच टाकली होती. वसमतला गोळीबारात विद्यार्थी बळी पडले आणि पुढे गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाने त्या आंदोलनाला दिशा दिली. त्या पिढीने प्रदेशाचा अनुशेष मागितला आणि ते योग्यच होते. परंतु प्रदेशाला पाणी मिळाले की प्रदेशातल्या प्रत्येकाला मिळेल, हे त्या मागणीत गृहीत धरले गेले. तसे झाले नाही. धरणे झाली, कालवे झाले, आणि पाणी त्या त्या ठिकाणच्या सत्तेच्या उतारावरून वाहत गेले. आजच्या पिढीला त्या मागणीचा पुढचा भाग मांडायचा आहे.

त्यासाठी आधारही महाराष्ट्रातच आहेत. १९७२ च्या दुष्काळात बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम काढली, तेव्हा त्यांनी विहिरीच्या काठावर जातीचा प्रश्न विचारला. पाण्याची टंचाई असो वा नसो, गावात पाणवठे दोन होते. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास पाणीपंचायतीचा प्रयोग केला. त्याचे नियम साधे होते: पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे, भूमिहीनालाही त्यात वाटा द्यायचा, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. हवामानबदलाला तोंड देण्याची याहून स्पष्ट नीती आजही कोणाला सांगता आलेली नाही.

तेव्हा करायचे काय? पहिले काम मोजमापाचे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी मानली जाते आणि ही नोंद महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर होते. मंडळाच्या एका टोकाला ढग फुटतो आणि दुसऱ्या टोकाचे यंत्र कोरडे राहते. प्रत्येक शाळेत व महाविद्यालयात साधे पर्जन्यमापक असावे, विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजावी आणि गावचा पाण्याचा ताळेबंद तरुणांनी ऑक्टोबरात मांडावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना याहून चांगले काम नाही. शास्त्र हातात आले की अधिकाऱ्याशी बोलताना आवाज खाली जात नाही.

दुसरे काम ग्रामसभेचे. हा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून प्रथम पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग कमी पाण्याची पिके आणि उरले तर बाकीचे, असा क्रम ठरावाने बांधून घ्यावा. खोल बोअरला मनाई करणारा कायदा आहे. तो अमलात आणा, असे ग्रामसभेने लेखी कळवावे. या ठरावाला विरोध होईल आणि तो गावातल्याच वजनदार माणसांकडून होईल. मताचे साधन येथे कसाला लागेल.

तिसरे काम नुकसानीच्या नव्या पंचनाम्याचे. आपत्तीनंतर तलाठ्याबरोबर तरुणांनीही घरोघर जावे आणि बटाईदारांची, शेतमजुरांची, बुडालेल्या मजुरीच्या दिवसांची यादी करावी. ती यादी घेऊन तहसीलसमोर शांततेने बसावे आणि उठण्यासाठी उत्तर मागावे. धरणात पाणी अडवण्यापूर्वी बुडीत गावांचे पुनर्वसन पुरे झालेच पाहिजे, हीही मागणी त्याच यादीतली. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा अधिकार संविधानाच्या १४ व २१ या कलमांत पाहिला आहे. न्यायालयाने दिलेला शब्द तालुक्याच्या कचेरीपर्यंत आपोआप पोहोचत नसतो. तो चालत नेऊन पोहोचवावा लागतो.

जगातला धूर कोणी सोडला आणि त्याची झळ कोणाला बसते, हा हिशेब न्यायाचा आहे. आजवरचा सर्वाधिक धूर अमेरिकेने सोडला आणि जळकोटच्या तांड्याने जवळजवळ काहीच सोडला नाही. तो हिशेब जगाच्या दरबारात लावून धरलाच पाहिजे. परंतु श्रीमंत देशाकडे न्याय मागणाऱ्याने आपल्या गावातल्या विहिरीवरचा न्यायही मागितला पाहिजे. नाहीतर त्याच्या शब्दाला वजन राहत नाही.

पुढचा पाऊस कसा येईल हे मांजरेच्या काठी कोणालाच सांगता येणार नाही. तो कमी पडेल किंवा फार पडेल. तो येण्यापूर्वी गावागावांत पाण्याचा ताळेबंद मांडलेला आणि मजुरांची यादी तयार असली, तर त्या गावाला निदान एकमेकांच्या तोंडचे पाणी पळवण्याची वेळ येणार नाही. झाडे लावणाऱ्या हातांनी आता हिशेबाची वही धरावी, एवढेच या घडीचे मागणे आहे.